उन्हाळी टायरांवर म्हसवडपर्यंत

माझे धाकटे दीर बोटीवर नोकरी करतात. अठ्ठ्याहत्तर साली मार्चमध्ये ते सुटीवर आले, तेव्हा आमच्या जुन्या गाडीसाठी चार टायर घेऊन आले. लोक परदेशातून घड्याळं आणतात, साड्या आणतात. यांनी टायर आणले, आणि तेही वर्तमानपत्रात गुंडाळून.

"वहिनी, हे रेडियल आहेत," ते म्हणाले. "तिकडं वेगानं पळणाऱ्या गाड्यांना हेच घालतात. आणि हे उन्हाळी टायर आहेत बरं का."

"उन्हाळी म्हणजे?"

"तिकडं बर्फ पडतं ना. थंडीचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. आपण थंडीत रजया बाहेर काढतो तसे ते लोक टायर बाहेर काढतात."

माझे वडील, म्हणजे तात्या, खिडकीजवळ बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मंग आपल्याकडं ह्ये उतरवायचं कारणच न्हाई."

तात्या लष्करात ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. डोंगरातल्या रस्त्यांवर दिवे न लावता ट्रक चालवलेला माणूस. त्यांना काचबिंदू झाला होता, आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. तात्यांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनीच मला सांगितलं, "बंदुकीच्या नळीतनं बघितल्यागत दिसतंय. नळी रोज बारीक व्हत चाललीय." उजेड असेल तर नळीपुरतं दिसायचं, अंधाऱ्या खोलीत काहीच नाही.

एप्रिलच्या शेवटी, मी शिकवते त्या मुलींच्या शाळेला सुटी लागली. एका सकाळी तात्या म्हणाले, "सुमे, मला बापूला, हुसेनला आन् म्हादूला बघायचंय. पुन्ना दिसतील का न्हाई, ठावं न्हाई."

हे तिघे त्यांच्याच पलटणीतले. बापू निकम आणि महादू खाडे ड्रायव्हर, हुसेन मुलाणी टायर आणि चाकांचं काम बघणारे. निवृत्तीनंतर बापू पाटणला, हुसेन आष्ट्याला, महादू म्हसवडला. तिघांची तोंडं तीन दिशांना.

माझ्या यजमानांना बँकेतून रजा मिळेना, आणि त्यांना गाडीची आवडही नाही. ते म्हणाले, ड्रायव्हर ठेवू. तात्यांचंही तेच मत. माझा भाऊ लष्करात, सरहद्दीवर. मी चौतिसाव्या वर्षी गाडी शिकले, ती क्लासात, पैसे भरून. घरात अख्खा ड्रायव्हर असताना मला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. या वेळी मात्र मी हटून बसले. तात्यांना त्यांच्या माणसांकडे परका कुणी नेणार नाही, मीच नेणार. नवे टायर चढवले आणि आम्ही पुण्याहून निघालो.

सातारा

रेडियल टायरची पहिली गंमत अशी की ते हवा कमी असल्यासारखे दिसतात. रस्त्याला टेकतात तिथं त्यांचं पोट फुगलेलं असतं. साध्या नायलॉनच्या टायरची सवय असलेल्या माणसाला वाटतं, चाक बसलंय. कात्रजपासून साताऱ्यापर्यंत ज्यानं त्यानं मला हात दाखवून थांबवलं. सायकलवाले, ट्रकवाले, खंबाटकीच्या पायथ्याशी उसाचा रस विकणारी एक बाई. "ताई, हवा बघा." मी प्रत्येकाला समजावून सांगत गेले. दिरांनी पेनासारखं दिसणारं हवा मोजायचं यंत्र दिलं होतं आणि आकडा पाठ करून घेतला होता.

खंबाटकीत मला या टायरांचा खरा गुण कळला. जुन्या टायरांवर वळण घेताना गाडी आधी कलायची, मग वळायची. आता हातातलं चक्र फिरवलं की गाडी वळत होती. रस्ता हाताला कळत होता. मी जरा वेग वाढवला. तात्यांनी दाराची मूठ धरली, ती साताऱ्यापर्यंत सोडली नाही.

साताऱ्यात पेट्रोल भरायला थांबलो. मी समोरच्या दुकानातून कंदी पेढे घेऊन आले तेवढ्यात पंपावरच्या माणसानं आपल्या भल्या मनानं चारही चाकांत दणकून हवा भरून ठेवली होती. "लय बसली हुती चाकं," तो म्हणाला. मला वाटलं, थोडी जास्त झाली असेल, पुढं बघू. त्याचे आभार मानून मी गाडी सुरू केली.

पाटण

उंब्रजपाशी हमरस्ता सोडला आणि मल्हारपेठेकडे वळलो. दोन्ही अंगांना डोंगर जवळ यायला लागले. करवंदांच्या जाळ्या, जांभळाची झाडं, डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या बाया. उन्हाचा कडाका होता, तरी सावलीत गेलं की गार लागायचं. आमच्या देशावरच्या माणसाला हा मुलूख परका वाटतो. आमच्याकडे डोंगर बोडके असतात.

गाडी मात्र वेगळंच वागत होती. बारीकसा खड्डा आला तरी दगडावर आपटल्यासारखी उडत होती. एका वळणावर डांबर संपून मुरूम होता. मी चक्र फिरवलं आणि मागची बाजू सरळ निघून गेली. गाडी आडवी होत घसरत रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात जाऊन टेकली.

कुणाला लागलं नाही. पेढ्यांचा पुडा फुटून पेढे पायाशी पसरले होते.

"पाटणला बापूचा पुतण्या गाडी चालवतो," तात्या म्हणाले. "फुडं त्येला घिऊ."

मी उतरले, यंत्र लावून हवा मोजली. दिरांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. टायर दगडासारखा टणक झाला होता. त्याचं फुगीर पोटच नाहीसं झालं होतं, मग तो रस्ता धरणार कसा? मी एकेक चाक धरून हवा सोडत गेले. परत आत बसले.

"तात्या, हवा जास्त हुती. मी साताऱ्यातच मोजायला पायजे हुती. आता मोजली. फुडं रोज सकाळी मोजीन. पन ड्रायवर घेनार न्हाई."

त्यांनी मान वळवली. मी मागं घेऊन गाडी रस्त्यावर आणली.

बापू निकमांचं घर कोयनेच्या काठापासून जवळ आहे. अंगणात फणस. बापू उघड्या अंगानं पुढं आले आणि तात्यांना मिठी मारून बराच वेळ सोडेनात. तात्या म्हणाले, "उनात चल रं. मला बगू दे." दोघं म्हातारे अंगणाच्या मध्यावर ऐन उन्हात जाऊन उभे राहिले. तात्या मान हळूहळू फिरवत बापूंचं तोंड बघत होते, आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. शेजारपाजारचे बघायला आले. मी आत निघून गेले.

जेवायला नाचणीची भाकरी, नदीच्या माशांची आमटी आणि भात. आमच्याकडे भात सणाला, इथं रोज. संध्याकाळी बापूंनी गाडी मागितली. तात्या पुढं, मी मागं. वळणावळणाच्या रस्त्यावर बापूंनी गाडी अशी काही चालवली की मी मागच्या मागं नमस्कार केला. परत आल्यावर ते चाकांभोवती फिरले आणि तात्यांना म्हणाले,

"शिरपा, गाडी अंगच टाकत न्हाई रं. ह्ये टायर आपल्याला तवा असतं तर!"

"तवा आपल्याला तळ गेल्यालं टायर मिळत हुतं," तात्या म्हणाले. दोघं हसले. मग बापूंनी मला विचारलं, "पोरी, रस्त्यात घसरलीस म्हनं?"

"व्हय."

"घसरल्यावर काय केलंस? बिरेक दाबलास?"

"न्हाई. पाय काढला आन् चक्र घसरली तिकडंच धरलं."

बापूंनी तात्यांकडे बघितलं. "मंग पुतन्या कशाला पायजे तुला?" ते म्हणाले. पुतण्याचा विषय तिथंच संपला.

आष्टा

कराड, इस्लामपूर करत आष्ट्याला आलो. पाटणचं हिरवं मागं पडलं आणि काळी जमीन सुरू झाली. लावणीचा ऊस गुडघ्याएवढा, पाटाला पाणी, मोटारपंपांची घरघर. रस्ता सरळ. अशा रस्त्यावर हे टायर फार सुखाचे. वेग वाढेल तसा त्यांचा आवाज कमी होतो. सावकाश जाताना मात्र खड्डान् खड्डा कळतो, हेही सांगितलं पाहिजे. दिरांनी फक्त कौतुक सांगितलं होतं.

हुसेनभाईंचं टायरचं दुकान मुख्य रस्त्यावर आहे. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं काम. आत भट्टीची धग, जळक्या रबराचा वास. गाडी थांबायच्या आधीच ते चाकांकडे बघत बाहेर आले, माणसांकडे नंतर बघितलं.

"शिरपा! ह्ये कुटनं आनलंस?"

"आदी मला भेट, मंग टायरला भेट," तात्या म्हणाले.

हुसेनभाईंनाही तात्यांनी उन्हात उभं केलं. ते तात्यांपेक्षा मोठे, दाढी पांढरीशुभ्र. भाभींनी खिमा, ज्वारीच्या भाकरी आणि कच्चा कांदा असं जेवण वाढलं. आमच्या सासरी शाकाहार, त्यामुळे मला असं जेवण वर्षातून एकदोनदाच मिळतं. मी लाजले नाही.

जेवणानंतर हुसेनभाई चाकाशी बसले, टायरच्या बाजूवर अंगठा दाबून बघितला. "याचा तळ मजबूत हाय, आत तारा असतील. पन पोट पातळ. साध्या टायरचं पोट जाड असतंय. दगड तळाखाली आला तर काय न्हाई, पोटाला लागला तर फाटंल. कडंला उतरताना जपून, बेटी."

स्टेपनी बघून त्यांनी मान हलवली. तिथं आमचा जुना नायलॉनचा टायर होता, कारण दिरांनी चारच आणले होते. "तीन असले आन् एक तसला, तर गाडी सरळ चालायची न्हाई. लागला तर लाव, पन हळू जा." मी म्हटलं, लागणार नाही अशी आशा करू.

तिथंच महादूकाकांची बातमी कळली. म्हसवडकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं हुसेनभाईंना सांगितलं होतं, खाड्यांचा म्हातारा घराबाहेर पडत नाही, काही होतंय पण सांगत नाही. तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "सुमे, जादा मुक्काम नगं. उद्या सकाळीच निगू."

म्हसवड

तासगाव, विटा, मायणी करत आम्ही माण तालुक्यात शिरलो. प्रत्येक गावागणिक झाडं कमी होत गेली. शेवटी बाभळी आणि मेंढरं तेवढी उरली. रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं आणि चाकांखाली चर्र असा आवाज येत होता. मी दर थांब्याला टायरवर हात ठेवून बघत होते. गरम होत होते, पण हात ठेवता येत होता. जुन्या टायरांवर या उन्हात मी एवढ्या वेगानं आले नसते. तात्यांना झाडं दिसत नव्हती, पण ते म्हणाले, "माण आलं. वारं कोरडं झालं."

महादूकाकांचं घर माणगंगेच्या अंगाला, दगडी, बुटकं, आत अंधार. दारात त्यांच्या बायको, पारूकाकी, उभ्या होत्या. तात्यांना बघून त्या रडायलाच लागल्या. "आवं भावजी, बरं झालं आलासा. परवापासनं जेवत न्हाईत. पोटात वात धरलाय म्हनत्यात. कुनाला हात लावू देत न्हाईत." मुलगा लष्करात होता. गावातले डॉक्टर लग्नाला बाहेरगावी गेलेले.

आत घोंगडीवर काका पडले होते. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. तात्या चाचपडत जवळ जाऊन बसले. "म्हादू, मी शिरपा." उत्तर नीट आलं नाही. थोड्या वेळानं तात्या म्हणाले, "सुमे, भाईर जा. वैनी, तुमीबी."

आम्ही अंगणात उभ्या राहिलो. आतून तात्यांचा हळू आवाज, मग महादूकाकांचा रागावलेला, मग परत तात्यांचा. तात्या भिंत धरत बाहेर आले.

"लगवी तुंबलीया. कालपासनं थेंब न्हाई. पोट नगाऱ्यागत झालंय. लाजंपायी बायकूलाबी बोलला न्हाई." ते पारूकाकींकडे वळले. "वैनी, ह्याला मिरजंला न्यायाचा. आत्ता."

मिरजेचे दवाखाने आमच्या भागातल्या माणसाला देवळासारखे ठाऊक असतात. पण काका तयार होईनात. मी उंबऱ्यापाशी गेले तेव्हा ते म्हणत होते, "पोरीच्या गाडीत? असल्या दुखण्यात? तितं मागं पडून इव्हळत जाऊ? मेलो तरी चालंल, शिरपा."

मला ते ऐकून आधी लाज वाटली, मग राग आला. मी आत गेले.

"काका, मी ड्रायवर हाय. ड्रायवर फुडं बघतो, मागं बघत न्हाई. तुमाला मिरजंपातूर मागनं कायबी ऐकू आलं न्हाई असं समजा, मलाबी ऐकू येनार न्हाई."

मग काकांनी हात वर केला, आणि तात्यांनी व शेजारच्या दोघांनी मिळून त्यांना उचललं. मी मागची बैठक सारखी केली, घोंगडी घडी करून घातली. पारूकाकींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आरसा मी वर फिरवून टाकला.

आल्या वाटेनं

उन्हाची वेळ होती. मला वेगानं जायचं होतं आणि गाडी आपटूही द्यायची नव्हती. या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. काकांनी शब्द काढला नाही, पण खड्डा आला की श्वास अडखळायचा. मी सपाट भागात वेग घ्यायचा आणि खराब भागात जवळजवळ चालत न्यायची, असं करत निघाले.

मायणीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. कडेला फोडलेल्या खडीचे ढीग. समोरून एसटी आली आणि तिला वाट द्यायला मला डाव्या अंगाला उतरावं लागलं. मी जपूनच उतरले. तरी फस्स असा आवाज झाला आणि चक्र हातातून ओढलं गेलं. पुढचा डावा टायर. एका धारदार दगडानं त्याच्या पोटाला बोटभर चीर पाडली होती.

एसटी निघून गेली होती. सावली नव्हती. पारूकाकी पदरानं काकांना वारा घालत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी जॅक काढला. तात्या उतरून माझ्या बाजूला बसले. त्यांना नट दिसत नव्हते, पण बोटांनी त्यांनी ते बरोबर शोधले, पाना बसवला आणि म्हणाले, "तू वर पाय दे. मी धरतो." माझ्या वजनानं नट निघाला. एकेक करत सगळे निघाले. चाक तापलं होतं, दोघांचेही हात भाजले. जुना टायर चढवताना तात्यांनी तो गुडघ्यावर घेऊन छिद्रं जुळवली. मी नट आवळले. ते परत एकदा हातानं फिरून बघून म्हणाले, "बरोबर हाय. चल."

तिथून पुढं गाडी बिघडली. हुसेनभाई म्हणाले तसंच. सरळ रस्त्यावर चालायची, पण ब्रेकला पाय लावला की एकीकडे ओढायची. एका उतारावर समोर मेंढरं आली, मी ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याबाहेर जाता जाता राहिली. मागं काका पहिल्यांदा ओरडले.

तात्यांनी दाराची मूठ सोडली होती. त्यांचा हात गेरच्या दांड्याजवळ, पण त्यावर नाही.

"बिरेकवर जाऊ नगंस," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "लांबनंच गेर खाली टाक. विंजन गाडीला धरंल. तिसरा... आता दुसरा. सोड हळू. हां."

मी तसं केलं. गाडी ओढली नाही. पुढच्या उतारावर मी आधीच गेर बदलला. त्यापुढच्या उतारावरही. बाकी रस्ताभर ते फक्त ऐकत होते. मला आठवतं ते माझे खांदे, चक्र घट्ट धरून धरून बधिर झालेले, आणि मी स्वतःशी एकच म्हणत होते, मायणीपर्यंत. मग मायणी मागं पडल्यावर, विट्यापर्यंत.

विट्याला एका डॉक्टरांनी काकांना तपासलं, नळी घालायचा प्रयत्न केला. नळी जाईना. ते हात धूत बाहेर आले. "वाट पूर्ण बंद आहे. जबरदस्ती केली तर इजा होईल. मिरजेला न्या, वाटेत थांबू नका." माझ्याकडे, मग तात्यांच्या डोळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर कोण?"

"ही," तात्या म्हणाले आणि दार चाचपडायला लागले.

तासगावची द्राक्षं केव्हाच उतरली होती. मांडव उन्हात रिकामे उभे होते. एरवी मी तिथं थांबून बेदाणे घेतले असते. माधवनगर आलं, सांगली आली. सांगलीच्या बाजारात हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या रस्ता अडवून उभ्या. मी भोंगा वाजवत, काच खाली करून ओरडत वाट काढली. शाळेतल्या मुलींनी मला त्या अवतारात बघितलं असतं तर ओळखलं नसतं. दिवे लागायच्या सुमाराला मिरजेच्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. काकांना स्ट्रेचरवर घेतलं, दारं मिटली. मी चक्रावरचे हात काढायला गेले तर बोटं उघडेनात.

बऱ्याच वेळानं एक परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, लघवीला पोटावरून वाट करून दिली आहे, मोकळं झालंय, आता आराम आहे, शस्त्रक्रिया नंतर करू. पारूकाकी जमिनीवर बसल्या. तात्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "ओरडतोय का?" परिचारिका म्हणाली, "नाही, झोपलेत."

मिरज

रात्रीच मी आष्ट्याच्या एका ट्रकवाल्याबरोबर काकांचा आणि टायरचा निरोप धाडला होता, तो मिळून दुसऱ्या दिवशी हुसेनभाई एसटीनं आले. आधी त्यांनी फाटलेला टायर बघितला, चिरेत बोट घालून. "हा गेला. पोटाला ठिगळ बसत न्हाई," म्हणाले. आपल्याकडचा एक बरा नायलॉनचा टायर त्यांनी बरोबर आणला होता, म्हणजे पुढं दोन्ही साधे आणि मागं दोन्ही रेडियल अशी जोडी जमली. मी दवाखान्याच्या आवारात चालवून बघितलं. गाडी सरळ थांबली. परतीचा सगळा प्रवास त्यावरच झाला, आणि दिरांना मी पत्रात कळवलं की तुमचे टायर उन्हाला भीत नाहीत, आमच्या खडीला मात्र त्यांनी भ्यावं.

दुपारी आम्हाला काकांना भेटू दिलं. लांबलचक खोली, ओळीनं खाटा, काकांची खाट मधे, उजेडापासून दूर. त्यांचं तोंड उतरलेलं होतं, पण डोळे हसत होते. मला बघून त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली, मग स्वतःच हसून थोडी खाली केली.

तात्या खाटेशी उभे राहून डोळे बारीक करत होते. "न्हाई दिसत," ते म्हणाले. "आंधार हाय."

परिचारिकेला विचारून मी आणि हुसेनभाईंनी खाट ढकलत खिडकीखाली नेली. पश्चिमेचं ऊन सरळ काकांच्या तोंडावर आलं. तात्या वाकले. पाटणला बापूंना बघितलं तसंच बघत गेले, कपाळापासून खाली, तुकड्या तुकड्यानं.

"मिशी कुटं गेली रं?"

"पांढरी झाली, काडून टाकली."

"लय म्हातारा झालास."

"तू काय जवान हायस?"

तात्या बराच वेळ वाकून होते. हुसेनभाई खिडकीबाहेर बघत राहिले. मग तात्या सरळ झाले, आणि माझा आवाज शेवटी जिकडून आला होता तिकडे तोंड करून म्हणाले, "सुमे, तूबी ये हितं. उजेडात."

"मला काय बघायचं, तात्या? मी रोज तुमच्याजवळच हाय."

"गाडीत शेजारी बसतीस. नळीतनं शेजारचं दिसत न्हाई. पुण्यापासनं तुजं तोंड बगितलं न्हाई मी."

मी खाटेला वळसा घालून खिडकीशी गेले. आदल्या दिवसापासून मी तोंड नीट धुतलं नव्हतं. कपाळावर धूळ, गालाला गाडीचं काळं. मी पदर वर घेतला पुसायला.

"ऱ्हाऊ दे तसंच," तात्या म्हणाले, आणि मी मान वर करून उन्हात उभी राहिले.